छोट्या फिटनेस स्टुडिओचा ब्लॉग कशावर करावा? बडोद्याहून वर्डप्रेसचा रिव्ह्यू

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगते. स्टुडिओ छोटा असेल, येणारी माणसं दोन-तीन भाषांची असतील आणि घरात एक तरी असा कोणी असेल ज्याला अधूनमधून लॉगिन करून अपडेटचं बटण दाबायचा कंटाळा नाही, तर स्वतःच्या डोमेनवर (साइटचा आपला स्वतःचा पत्ता), स्वतःच्या होस्टिंगवर (साइट ठेवायला भाड्याने घेतलेली जागा) वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर टाका. असा कोणी नसेल तर सरळ गुगलचं ब्लॉगर घ्या, फुकट आहे आणि डोक्याला ताप नाही. बाकीचं ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

आमचा स्टुडिओ दांडिया बाजारात आहे, तळमजल्यावर, दोन खोल्या मारून केलेला एक हॉल. मशिनं जवळपास नाहीतच, मॅट, केटलबेल, रेझिस्टन्स बँड आणि भिंतीला लावलेल्या दोऱ्या एवढंच. याच भागात माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाममंदिर आहे त्यामुळे इथल्या जुन्या लोकांना व्यायाम म्हणजे काय हे शिकवायला जाऊ नये, ते उलट तुम्हालाच दंड काढून दाखवतील. येणाऱ्यांत निम्मे मराठी, बरेचसे गुजराती, आणि एमएसयूची म्हणजे इथल्या सयाजीराव विद्यापीठाची पोरं-पोरी, त्यांना दोन्ही येतं पण वाचायचं इंग्रजीतच.

आता ब्लॉग कशाला, इन्स्टा आहे ना, असं सगळेच विचारतात. इन्स्टा आहे, रील पण टाकतो. पण व्हॉट्सॲपवर रोज येणारे प्रश्न तेच तेच असतात. फी किती, लेडीज बॅच कधी, पार्किंग मिळेल का, माझा गुडघा दुखतो तर येऊ का, पाळीत व्यायाम चालतो का, सकाळी चहा पिऊन यायचं की उपाशी. प्रत्येकाला टाईप करत बसलं तर बॅच कोण घेणार. आणि इन्स्टावर गेल्या वर्षी टाकलेलं उत्तर शोधून काढणं म्हणजे दिव्य आहे, शिवाय आमच्या साठीच्या बॅचमधल्या काकवा इन्स्टावर नाहीतच. म्हणून मला हवं होतं ते इतकंच, की एका प्रश्नाचं एक नीट उत्तर एका पानावर असावं, त्याची लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की फोटोसकट दिसावी आणि स्वस्तातल्या फोनवर पण झटकन उघडावी. सॉफ्टवेअर निवडताना मी बाकी सगळी फीचर बाजूला ठेवून फक्त हे बघितलं. गुगल बिझनेस प्रोफाइलमधून मिळायच्या त्या एकपानी फुकट वेबसाइट गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, त्यामुळे तो सोपा रस्ताही आता कुणालाच उरलेला नाही.

ब्लॉगरपासून सुरुवात करू. १९९९ सालचं आहे ते, २००३ मध्ये गुगलने घेतलं, आणि लोक त्याला म्हातारं म्हणून हसतात पण होस्टिंगचा खर्च शून्य, स्वतःचं डोमेन जोडता येतं, कुलपाची खूण म्हणजे एचटीटीपीएस पण फुकट, हॅक होण्याची चिंता जवळपास गुगलवर सोडून द्यायची. फक्त लिहायचंच असेल तर अजूनही छान आहे. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे शीर्षक देवनागरीत दिलं की पानाचा पत्ता आपोआप ‘ब्लॉग-पोस्ट’ असा बनतो, पुढच्या लेखाला तेच आणि मागे आकडा, म्हणजे लिंक बघून आत काय आहे ते कळत नाही. यावर उपाय आहे, पब्लिश करायच्या आधी उजवीकडे पर्मालिंकमध्ये जाऊन हाताने रोमन अक्षरांत पत्ता लिहायचा, पण ते आधीच करावं लागतं. दुसरी, एकच लेख मराठी-गुजराती-इंग्रजी असा एकमेकांना जोडायची सोय त्यात मुळात नाही. आमच्यासाठी ते तिथेच संपलं.

विक्स ही साइट बांधून ठेवायची सेवा, दिसायला सगळ्यात सुंदर. जिम आणि योगाचे तयार टेम्प्लेट, क्लास बुकिंग, टाइमटेबल, सगळं ओढून सोडायचं. डेमो बघून नवरा तर फिदाच झाला. पण फुकट प्लॅनमध्ये त्यांची जाहिरात वर दिसते आणि स्वतःचं डोमेन लावता येत नाही, आणि मला खटकलेली मोठी गोष्ट वेगळीच, तिथे बांधलेली साइट तिथेच राहते, उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. उद्या भाव वाढले तर आपण काय करणार, सगळं नव्याने बांधायचं? ज्याला बुकिंगच मुख्य आहे आणि दर वर्षी पैसे भरायची तयारी आहे त्याने घ्यावं, वाईट काहीच नाही.

घोस्ट हे ब्लॉगचं आणखी एक सॉफ्टवेअर २०१३ मध्ये आलं, लिहिण्यासाठी म्हणाल तर या सगळ्यांत त्याचा एडिटर मला सगळ्यात जास्त आवडला, पांढरं पान आणि आपण. न्यूजलेटर आतच आहे, पेड मेंबरशिप पण आतच. फक्त मेंबरशिपचे पैसे स्ट्राइप या कार्ड पेमेंटच्या सेवेवरून घेतले जातात आणि स्ट्राइप भारतात २०२४ पासून फक्त निमंत्रणावर नवीन धंदे घेतं. आमच्याकडे फी भरणारा माणूस क्यूआर स्कॅन करतो आणि स्क्रीन दाखवतो, विषय संपला. त्याला कुठे कार्ड टाकायला लावू.

राहिलं वर्डप्रेस, आणि इथे नव्या माणसाचा गोंधळ होतोच होतो, कारण वर्डप्रेस दोन प्रकारे मिळतं. एक सॉफ्टवेअर, जे मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये बी-टू नावाच्या जुन्या ब्लॉग सॉफ्टवेअरवरून सुरू केलं, जीपीएल या खुल्या लायसन्सखाली आहे, कुणीही फुकट उतरवून आपल्या होस्टिंगवर टाकावं. ते डॉट ऑर्गवर मिळतं. दुसरी डॉट कॉमवरची सेवा, ऑटोमॅटिक नावाची कंपनी चालवते, होस्टिंग त्यांचंच. तिच्या फुकट प्लॅनमध्ये जाहिराती येतात आणि प्लगइन, म्हणजे वरून जोडायच्या जादा सोयी, टाकता येत नाहीत. आपल्याला हवं ते पहिलं. यूट्यूबवर व्हिडिओ बघताना माणूस यातलं कुठलं दाखवतोय ते आधी तपासा, नाहीतर त्याच्या स्क्रीनवर असलेलं बटण तुम्हाला सापडणारच नाही.

होस्टिंगबद्दल एक. पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका, रिन्यूअलचा भाव विचारा, तो दुपटी-तिपटीला सहज जातो आणि वर १८ टक्के जीएसटी. ज्या कंपनीकडे आम्ही आधी चौकशी केली त्यांच्या चॅटवरच्या माणसाने रिन्यूअलचा आकडा शेवटपर्यंत सांगितला नाही, ‘सर ऑफर आजच आहे’ एवढंच (मला सर म्हणत होता, असो). नाव घेत नाही पण तिथून उठलो. आत्ता जिथे आहे तिथे सर्व्हर मुंबईत आहे, एक क्लिकमध्ये वर्डप्रेस इन्स्टॉल झालं, एसएसएल, म्हणजे तीच कुलपाची खूण, फुकट. डोमेन डॉट इन घेतलं, आणि एक नियम पाळला, डोमेन स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या नावावर. वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर डोमेन आणि मग तो फोनच उचलत नाही, अशा गोष्टी रावपुऱ्यात दर दुसऱ्या दुकानात ऐकायला मिळतात.

थीम अ‍ॅस्ट्रा लावली, म्हणजे साइटचं तयार रूप, फुकटवाली. ती पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स कंपनीची आहे हे कळल्यावर आमच्याकडे ‘मग दुपारी एक ते चार साइट बंद राहील का’ वगैरे विनोद झालेच. पण थीम हलकी आहे, फोनवर पटकन उघडते. ते फिटनेसचे म्हणून विकतात ना, काळं बॅकग्राउंड, घामाने निथळणारा गोरा माणूस आणि पाच स्लायडर, ते घेऊ नका. एकतर जड असतात आणि दुसरं म्हणजे आमच्या साठीच्या बॅचच्या काकू तो फोटो बघून यायच्याच नाहीत. फॉन्ट मुक्ता ठेवला, ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, कारण त्याचाच गुजराती भाऊ मुक्ता वाणी आहे, दोन्ही भाषांची पानं एका घरातली वाटतात.

आता खरी मजा. सेटिंगमध्ये जाऊन साइटची भाषा मराठी केली, तारखा-बिरखा मराठीत आल्या, छान वाटलं. पण वर्डप्रेस पत्ता शीर्षकावरून बनवतं आणि पत्त्यासाठी जागा २०० अक्षरांची असते. रोमनमध्ये २०० म्हणजे भरपूर. देवनागरीत मात्र पत्ता टक्क्याच्या खुणांच्या कोडमध्ये साठवला जातो आणि आपलं एकेक अक्षर, एकेक मात्रा त्यात नऊ नऊ जागा खाते. म्हणजे हिशोबाने बावीसेक अक्षरं-मात्रा झाल्या की कात्री. लेखाचं नाव ‘गरबा खेळताना गुडघे दुखू नयेत म्हणून’ असं असेल तर पत्ता थांबतो ‘गरबा-खेळताना-गुडघे-दुखू-न’ वर. दुखू न! आणि कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की बऱ्याचदा ते पण दिसत नाही, टक्के-टक्के-आकडे असा दोन-तीन ओळींचा ढीग येतो, समोरच्याला वाटतं व्हायरस पाठवला. म्हणून प्रत्येक लेखाला पब्लिश करायच्या आधी स्लग, म्हणजे पत्त्यातला हा शीर्षकाचा तुकडा, रोमनमध्ये, छोटा, ‘गरबा-नी’ इतकाच, नी म्हणजे इंग्रजीतला गुडघा. दहा सेकंदाचं काम आहे पण मराठीत लिहिणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

भाषांसाठी पॉलिलँग हे प्लगइन, फुकट आवृत्ती पुरते. मराठी लेखाच्या बाजूला प्लसचं चिन्ह येतं, दाबलं की त्याच लेखाचं गुजराती पान उघडतं, वर भाषा बदलायचं बटण. फुकट आवृत्तीत दोन भाषांतल्या पानांना एकच स्लग देता येत नाही, मागे ‘जीयू’ (गुजरातीची खूण) लावून द्यायचं, झालं. भाषांतर मात्र तुम्हालाच करायचंय. मशीनने केलेलं गुजराती मी एकदा एका बेनना वाचायला दिलं, त्या इतक्या हसल्या की तोच त्यांचा कोअर वर्कआउट झाला.

व्हॉट्सॲपवर लिंकबरोबर फोटो आणि शीर्षक दिसायला पानात ओपन ग्राफ टॅग लागतात, नुसतं वर्डप्रेस ते घालत नाही, एसईओचं, म्हणजे गुगलवर साइट सापडावी यासाठीचं, एखादं प्लगइन घालतं. मी योस्ट लावलंय. त्यातले लाल-हिरवे दिवे मराठीसाठी मनावर घेऊ नका, फक्त सोशलचा फोटो नीट भरा आणि तो हलका ठेवा. फोनमधला फोटो जसाच्या तसा चढवला तर वर्डप्रेस ५.३ पासून त्याला २५६० पिक्सेलपर्यंत आपोआप छोटा करतं, पण तेवढाही मोठाच आहे, मी आधीच बाराशेच्या आसपास आणून मग टाकते. व्हिडिओ साइटवर चढवायचाच नाही. यूट्यूबवर टाका आणि लेखात त्याची लिंक वेगळ्या ओळीत चिकटवा, तिथेच चालतो.

प्लगइनचं सप्लिमेंटच्या डब्यांसारखं आहे, एक घेतला की दुसरा सुचवतातच, शेवटी कपाट भरतं आणि ताकद तेवढीच. आमच्याकडे भाषा, एसईओ, बॅकअप आणि कॅश (पान झटकन उघडावं म्हणून तयार ठेवणारं), बस. बॅकअपला अपड्राफ्टप्लस, गुगल ड्राइव्हवर आपोआप जातो. अ‍ॅकिस्मेट हे कॉमेंटमधला कचरा अडवणारं प्लगइन वर्डप्रेसबरोबर येतं म्हणून लोक सुरू करतात पण ते फुकट फक्त खाजगी, बिनधंद्याच्या ब्लॉगना आहे, आपण फी घेतो म्हणजे आपल्याला पैसे पडतात. मी कॉमेंटच बंद ठेवल्यात, ज्याला बोलायचंय तो व्हॉट्सॲपवर येतोच. प्रत्येक लेखाच्या खाली क्लिक टू चॅटचं बटण आहे, त्यात नंबर ९१ लावून लिहायचा, पुढे प्लस किंवा शून्य नको.

फॉर्म लावलाच नाही आणि हे मुद्दाम. सुरुवातीला भाचा म्हणाला, “मावशी, फॉर्म ठेव ना, नाव, वय, वजन, बीपी, शुगर, सगळं भरून घे, एक्सेलमध्ये येईल.” मी म्हटलं, “आणि ते एक्सेल सांभाळणार कोण, तू?” गप्प बसला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि कायदा नसता तरी कुणाची शुगर किती हे स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर पडून राहणं मला नको. ते समोर बसून वहीत लिहिते. आधी-नंतरचे फोटो पण लेखी परवानगीशिवाय टाकत नाही.

आता फायदा झाला का. झाला, पण ज्यातून वाटलं होतं त्यातून नाही. ‘वजन कमी करण्याचे उपाय’ छापाचे लेख कुणी वाचत नाही, गुगलवर त्याची रांग केवढी मोठी, आणि आरोग्याचा विषय गुगल ‘युअर मनी ऑर युअर लाइफ’ म्हणजे पैशाच्या-जिवाच्या विषयांत धरतं, तिथे लिहिणारा कोण आहे हे जास्त कडक बघतात. म्हणून कोण शिकवतं, कुठलं सर्टिफिकेट आहे याचं वेगळं पान केलं आणि आजार बरा करण्याची भाषा कुठेच नाही. चालला तो अगदी साधा लेख. २२ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे घटस्थापनेच्याच दिवशी, जिम-योगावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) न घेता. दुसऱ्या दिवसापासून दारात एकच प्रश्न, “बेन, जीएसटी तो घटी ग्यो, हवे फी केटली?” आता आमची उलाढाल वीस लाखांच्या आत, आम्ही नोंदणीकृत नाही, जीएसटी लावतच नव्हतो तर कमी काय करणार. हे चार ओळींत मराठीत-गुजरातीत लिहून लिंक ग्रुपवर टाकली, आणि ती लिंक लोकांनी दुसऱ्या जिमच्या ग्रुपवर पण फिरवली. त्यातून नवीन चौकशा आल्या, कारण लोकांना वाटलं इथे हिशोब सरळ सांगतात.

गरब्याचा लेख पण दरवर्षी चालणारा आहे. नवरात्र जवळ आली की बडोद्यात अर्ध्या गावाला अचानक फिट व्हायचं असतं, नऊ रात्री अनवाणी फिरायचं आणि तयारी म्हणून शेवटच्या आठवड्यात चनिया-चोळी शिवायला टाकायची. त्यात पोटऱ्या, घोटे, एका पायावर तोल, असे सहा व्यायाम व्हिडिओसकट दिलेत, लेख तोच राहतो, मी फक्त वर बॅचची तारीख बदलते. आणि ‘रोज किती चालू’ याला डब्ल्यूएचओच्या २०२० च्या शिफारशीतला आकडा, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, तो कमाटी बागेच्या फेऱ्यांत कसा बसवायचा ते लिहिलंय. सकाळी फिरून बाहेर आल्यावर सेव-उसळ खाल्ली तर काय, यावर मी मौन पाळलंय, मला पण तिथेच भेटतात सगळे.

तक्रारी. ब्लॉकवाला एडिटर, गुटेनबर्ग, डिसेंबर २०१८ मध्ये ५.० बरोबर आला तो, लॅपटॉपवर बरा पण फोनवर मराठीत लिहिताना माझा अंगठा भलत्याच ब्लॉकवर पडतो आणि परिच्छेदाचे तुकडे होतात. मी आता आधी नोट्समध्ये गुगल कीबोर्डवर मराठीत बोलून लिहून घेते, सासूबाई, निवृत्त शिक्षिका, त्यावरून लाल पेन फिरवतात (खरंच, प्रिंट काढायला लावतात), मग ते लॅपटॉपवरून चिकटवते. ज्यांना तो एडिटर झेपतच नाही त्यांच्यासाठी क्लासिक एडिटरचं प्लगइन अजून मिळतं. डॅशबोर्डवर प्लगइनवाल्यांच्या ‘प्रो घ्या’ च्या पट्ट्या इतक्या येतात की आपलं बटण शोधावं लागतं. आणि अपडेट. आपोआप अपडेट सुरू ठेवता येतं, ठेवाच, पण अपडेटनंतर साइट एकदा फोनवर उघडून बघायची सवय लागते, ती ज्याला नकोय त्याच्यासाठी वर सांगितलंच, ब्लॉगर.

पैशाचं म्हणाल तर डोमेन वर्षाला हजाराच्या आत, होस्टिंग त्याच्या काही पट, बाकी सगळं फुकटवाल्या आवृत्त्यांवर चाललंय. ऑनलाइन पेमेंट लावलं नाही, यूपीआयवर दुकानदाराला जानेवारी २०२० पासून एमडीआर म्हणजे व्यवहारामागचं कमिशन लागत नाही, मग गेटवेला कमिशन देऊन मिळणार काय. फीच्या पानावर क्यूआरचा फोटो पण टाकलेला नाही, कुणी तो बदलून आपला चिकटवला तर निस्तरत बसा, क्यूआर स्टुडिओच्या भिंतीवर आहे.

पाचपैकी चार तारे देते. गुजराती पानं अजून मराठीच्या बरीच मागे आहेत. मांजलपूर किंवा कारेलीबागेत कुणी चांगलं गुजराती लिहिणारं असेल आणि सकाळी सहाच्या बॅचला यायची तयारी असेल तर सांगा, फीचं बघून घेऊ.